स्लोला बंद पडणारं इंजिन: उजनीकाठच्या एका बोटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठावर हे प्रकरण घडलं. गावाचं, दुकानांचं नाव देत नाही. बोटीच्या मालकांना तात्या म्हणू. सोलापूर शहरात ज्यांच्या गाळ्यावर काम झालं ते उस्ताद. मी इंजिनं शिकवण्याच्या धंद्यातला आहे आणि उस्तादांकडे माझं येणंजाणं असतं, म्हणून हे काम जवळून बघायला मिळालं.

तात्यांची बोट फायबरची, मासेमारीची. मागे १५ अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. कोकणातून वापरलेलं आणलेलं, पण दणकट. दोन्ही सिलिंडरना मिळून एकच कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडते.

एका वर्षी इंजिन बराच काळ टाकीत पेट्रोल असतानाच पडून राहिलं. पेट्रोल उडून गेलं, मागे चिकट थर राहिला, फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीत किती पेट्रोल येईल ते ठरवणाऱ्या तरंगत्या तुकड्याची) पिन अडकली आणि चालू करायला गेल्यावर कार्बोरेटर बाहेर गळायला लागला. तालुक्याच्या गावातल्या मोटारसायकलच्या मिस्त्रींनी तो उघडला, धुतला, किट घालून परत बांधला. गळती थांबली. इंजिन एका दोरीत सुरू झालं. पैसे दिले, बोट पाण्यात गेली. खरी कटकट त्यानंतर सुरू झाली.

इथे उजनीबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय स्लोचं, म्हणजे मूठ सोडल्यावर इंजिन हळू फिरत राहण्याचं, महत्त्व कळणार नाही. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात अनेकदा पाणी मृतसाठ्याच्या पातळीच्याही खाली जातं, ज्याला सगळा जिल्हा ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणतो. पाणी असं मागं सरकलं की काठावर चिखल उघडा पडतो, बुडालेली बाभळीची खोडं, जुन्या विहिरींचे कठडे इंजिनाच्या पंख्यापर्यंत येतात. अशा पाण्यातून बोट काढायची तर इंजिन अगदी हळू, गिअरमध्ये, न बंद पडता चाललं पाहिजे. जाळी ओढतानाही तेच. समुद्रावर एकदा बोट बाहेर पडली की इंजिन बहुतेक वेळ रेसवर असतं. इथे अर्धं काम स्लोवर.

अडचण

इंजिन गार असताना चोक (हवा अडवून पेट्रोल वाढवणारी झडप) ओढून सुरू व्हायचं. रेस दिली की छान पळायचं, पूर्ण वेगालाही तक्रार नाही. पण मूठ सोडली की दोन-चार ठोके टाकून बंद. गिअर टाकला तर हमखास बंद.

तात्यांनी यावर जो उपाय काढला तो दहातले नऊ जण काढतात. रेसचा स्क्रू, म्हणजे बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली मुठीने उघडणारी झडप) किती उघडा राहील ते ठरवणारा स्क्रू, चढवत नेला. इंजिन बंद पडायचं थांबलं, पण न्यूट्रलमध्येच ते मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरायला लागलं. अशा रेसवर गिअर टाकला की खालच्या गिअरच्या पेटीत खाड्कन आवाज आणि बोट पुढे उडी मारायची. आउटबोर्डच्या गिअरमध्ये मोटारसायकलसारखा क्लच नसतो. ‘कुत्रा’ नावाचा दातेरी तुकडा थेट फिरत्या गिअरमध्ये अडकतो. रेस जास्त असेल तर दात्यांच्या कडा झिजून गोल होतात आणि मग गिअर चालत्या बोटीत निसटायला लागतो. कार्बोरेटरच्या दुखण्यावर गिअरबॉक्सचा बळी देण्याची ही वाट.

गावात कारणं भरपूर निघाली. कोणी म्हणालं पेट्रोलच्या इथेनॉलमुळे, कोणी म्हणालं उन्हामुळे, कोणी म्हणालं इंजिनच गेलंय.

इथेनॉलचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. २० टक्के इथेनॉल असलेल्याला साडेतेराच्या आसपास. ठरावीक जेटचा, म्हणजे ठरावीक मापाच्या पेट्रोलच्या भोकाचा, कार्बोरेटर हे ओळखून पेट्रोल वाढवत नाही, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पडतं. ज्या जिल्ह्याच्या उसातून हे इथेनॉल निघतं तिथल्याच बोटवाल्याला हे भोगावं लागावं, ही गंमतच. पण हा फरक थोडा असतो. त्याने स्लो थोडा थरथरेल, साफ मरणार नाही. आणि तेच पेट्रोल शेजारच्या बोटींतही होतं.

उन्हाचं तर उलटंच. उजनीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटरवर आहे. उंचीवर आणि उन्हात हवा विरळ होते, म्हणजे समुद्रकाठी जुळवलेला कार्बोरेटर इथे जरासा श्रीमंत, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलवर, चालायला हवा. चोक ओढल्यावर सुधारणारं इंजिन मात्र पेट्रोल मागत असतं. दोन्ही गोष्टी जुळत नव्हत्या.

पहिला निर्णय: नुसता कार्बोरेटर की इंजिनासकट?

तात्या आधी फक्त कार्बोरेटर पिशवीत घालून एसटीने सोलापूरला आले. उस्तादांनी तो हातात घेतला, वाटी काढली, फ्लोटची उंची पाहिली, जेट उजेडाकडे धरून पाहिले. सगळं स्वच्छ.

“मग करा की साफ अजून एकदा,” तात्या म्हणाले.

“साफच हाय वो. साफ असलेलं परत साफ करून काय मिळणार? इंजिन घेऊन या, तात्या.”

हा निर्णय तात्यांना महागात पडणारा होता; पिकअपचं भाडं, एक दिवस मोडणार. तरी माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वात शहाणा निर्णय. टेबलावरचा कार्बोरेटर कसा दिसतो ते सांगतो, कसा वागतो ते नाही. शिवाय दोष कार्बोरेटरमध्येच आहे हे अजून कोणी सिद्ध केलेलं नव्हतं. नुकतंच काम झालेला भाग पहिला संशयित असतो हे खरं, पण टू-स्ट्रोकमध्ये रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी एकेरी झडप), क्रँकचं सील, इंधनपंप, कुठूनही हवा शिरली तरी लक्षणं अशीच दिसतात.

न उघडता केलेल्या तपासण्या

इंजिन आलं, पाण्याच्या पिंपात उभं केलं. पिंप गाळ्याच्या बाहेर मोकळ्यावर ठेवलं होतं. बंद जागेत किंवा लहान पिंपात आउटबोर्ड आपलाच धूर परत ओढतं आणि चांगलं इंजिनही स्लोला अडखळतं, मग माणूस नसलेला दोष शोधत बसतो. उस्तादांची अट एकच: कोणताही स्क्रू अजून फिरवायचा नाही.

दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, शंभर पीएसआयच्या थोडं वर आणि जवळजवळ सारखं निघालं. ठिणगी दोन्हीकडे निळी. ‘इंजिनच गेलंय’ हे मत इथे बाद झालं. इंजिन मरायला लागल्यावर तात्यांनी नळीवरचा रबरी बल्ब दाबून पाहिला, फरक नाही. म्हणजे वाटीत पेट्रोल पोहोचत होतं, पंप आणि नळी निर्दोष. चोक निम्मा ओढला की ठोके लगेच सावरायचे. म्हणजे वाटीपर्यंत आलेलं पेट्रोल पुढे इंजिनात कमी जात होतं, किंवा कुठून तरी हवा जास्त येत होती.

मग एकेका प्लगची वायर काढून बॉडीला अर्थ करून पाहिलं. दोन्ही वेळा इंजिन सारखंच खाली बसलं. एकच सिलिंडर अशक्त असता तर त्या बाजूचं रीड किंवा सील संशयात आलं असतं. दोघं सारखेच उपाशी, म्हणजे दोघांचं जे सामायिक तेच बघायचं. कार्बोरेटर, किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड.

जोडाच्या भोवती कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारला, जवळ ठिणगी नाही ना हे बघून. जोडातून हवा शिरत असेल तर फवारा आत ओढला जातो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. आवाज बदलला नाही. जोड ठीक, असं त्या वेळी धरलं. यावर पुढे परत यावं लागलं.

राहिला मिश्रणाचा छोटा स्क्रू. उस्तादांनी तो फेऱ्या मोजत आत नेला. दीड फेरीत टेकला. इंजिन चालूच, आवाजात काडीचा फरक नाही. मग बाहेर काढत तीन फेऱ्या. तरीही नाही.

“आता सापडलं,” ते म्हणाले, आणि इंजिन बंद केलं.

स्लोची वाट कशी असते

बटरफ्लाय जवळजवळ बंद असतो तेव्हा मुख्य जेटमधून काहीच येत नाही, कारण तिथे ओढच नसते. ओढ असते बटरफ्लायच्या मागे, इंजिनाच्या बाजूला. तिथे एक बारीक छिद्र असतं आणि त्याच्या तोंडावर मिश्रणाच्या स्क्रूचं टोक. स्लोचं पेट्रोल या छिद्रातून येतं. त्याच्या किंचित अलीकडे आणखी दोन-तीन बारीक छिद्रं असतात, त्यांना बायपास म्हणतात. बटरफ्लाय थोडा उघडला की ती ओढीत येतात आणि मुख्य जेट जागा होईपर्यंत इंजिन सांभाळतात.

तात्यांनी रेसचा स्क्रू चढवला तेव्हा बटरफ्लाय इतका उघडला की बायपास छिद्रं उघडी पडली. इंजिन ‘स्लोवर’ चालतंय असं वाटत होतं, प्रत्यक्षात ते बायपासवर जगत होतं. म्हणून मिश्रणाचा स्क्रू फिरवून काही होत नव्हतं. ज्या छिद्रावर तो पहारा देतो तिथून काही जातच नव्हतं.

(मिश्रणाचा स्क्रू कुठे आहे ते आधी बघावं. बटरफ्लायच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर सहसा बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढतं. हवेच्या तोंडाकडच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर हवा वाढते. याचा घोळ झाल्यामुळे उलट्या दिशेला तासभर जुळवत बसलेले मिस्त्री मी पाहिले आहेत.)

पर्याय

आता तीन वाटा होत्या. नवा मूळ कंपनीचा कार्बोरेटर मागवणं: खात्रीचा, पण महाग, आणि बाहेरून येईपर्यंत बोट काठावर. ऑनलाइन मिळणारा नकली कार्बोरेटर: स्वस्त. तात्यांच्या मुलाचा कल याच्याकडे होता. तिसरी वाट म्हणजे हाच उघडून स्लोची वाट शोधणं.

नकली कार्बोरेटरबद्दल उस्तादांचं म्हणणं रोकठोक होतं. त्यात जेटवर आकडा एक आणि भोक दुसरंच असू शकतं. मग मूळ दोष गेला की नवा आला, हे कळायला मार्ग राहत नाही. मला हे पटतं, पण एवढ्यासाठीच नाही. तीनही पर्यायांत उघडून बघण्याचा खर्च सर्वात कमी होता, आणि त्यात हरलो तरी बाकीचे दोन शिल्लक राहत होते. आधी नकली घेतला असता तर तसं नव्हतं. इंजिन चाललं असतं तर कारण कळलं नसतं, नसतं चाललं तर पैसे गेले असते.

काय सापडलं

पायलट जेट, म्हणजे स्लोचा जेट, काढून त्याच्या बैठकीतून क्लीनर मारला आणि बटरफ्लायच्या बाजूने बघत राहिलो. बायपासच्या छिद्रांतून बारीक धारा आल्या. स्लोच्या छिद्रातून थेंबही नाही. मिश्रणाचा स्क्रू पूर्ण काढून परत मारला, तरी नाही. त्या छिद्रावर टॉर्च धरली तर आत पिवळा चमकता ठिपका दिसला.

ते जुन्या मिश्रणाच्या स्क्रूचं पितळी टोक होतं. सुईसारखं निमुळतं असतं ते. कार्बोरेटर जुळवताना स्क्रू आधी पूर्ण आत टेकवतात आणि मग फेऱ्या मोजत बाहेर घेतात. टेकवायचा तो बोटांच्या जोराने, हलका. स्क्रूड्रायव्हरने आवळला तर टोक बैठकीत रुततं आणि तुटतं. इथे तसंच झालं असावं. किटमध्ये नवा स्क्रू होता, तो बसवला गेला. तुटलेलं टोक छिद्रातच राहिलं.

याचा एक बारीक परिणाम आणखी मजेदार. नवा स्क्रू बैठकीवर टेकतच नव्हता, तो जुन्या टोकावर टेकत होता. पहिल्या मिस्त्रींनी दीड फेरी बरोबर मोजली होती, पण खोट्या शून्यापासून. कागदावरची सेटिंग तंतोतंत, प्रत्यक्षात छिद्राला बूच.

टोक काढताना घाई केली असती तर कार्बोरेटर कायमचा गेला असता, कारण बॉडी ॲल्युमिनियमची आणि छिद्र जरा मोठं झालं तरी स्लो पुन्हा कधी जुळत नाही. ड्रिल वापरायचं नाही हे ठरलेलंच होतं. टोकाची रुंद बाजू स्क्रूकडे असते, म्हणून ते उलट्या बाजूने, म्हणजे बटरफ्लायकडून ढकललं तर सैल होणार. बॉडी गरम पाण्यात ठेवली, टोक घासून बोथट केलेली शिवणाची सुई छिद्रात धरली आणि हलके टिचक्या दिल्या. टोक मागे सरकलं आणि स्क्रूच्या वाटेने टेबलावर पडलं. नवा स्क्रू आता आधीपेक्षा तीनेक फेऱ्या आणखी आत गेला.

पिंपात इंजिन साडेनऊशेच्या आसपास शांत चालायला लागलं. मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला तरी आवाज बदलत होता. तात्या म्हणाले, “झालं की मग! भरू का गाडीत?”

दुसरा निर्णय: अर्धा फेरा चढवावा का?

दुसऱ्या दिवशी पाण्यावर गेलो. पहिली काही मिनिटं उत्तम. इंजिन तापल्यावर गिअरमध्ये पुन्हा अडखळायला लागलं आणि एकदा बंद पडलं. पिंपात पंख्यावर खऱ्या पाण्याचा भार नसतो, त्यामुळे हे गाळ्यात दिसणं अवघड होतं.

“रेसचा अर्धा फेरा चढवू, काय बिघडतंय?” तात्यांनी विचारलं. खरं तर त्याने काम भागलंही असतं. बऱ्याच गाळ्यांवर काम इथेच संपतं.

उस्तादांनी नकार दिला आणि जोडावरचा फवारा पुन्हा मारून बघितला. या वेळी खालच्या कडेला फवारा लागताच आवाज बदलला. तोच जोड, तीच तपासणी, उत्तर वेगळं. कारण पहिल्या वेळी रेस चढवलेली होती. बटरफ्लाय उघडा असला की मागची ओढ कमी असते. बारीक फटीतून शिरणारी हवा एकूण हवेत नगण्य ठरते आणि आवाज बदलत नाही. खऱ्या स्लोवर ओढ वाढते आणि तीच फट बोलायला लागते. चढवलेल्या रेसवर घेतलेल्या स्लोच्या कुठल्याच तपासणीचं ‘ठीक आहे’ हे उत्तर मी तेव्हापासून धरत नाही.

कार्बोरेटर काढून त्याची बैठक काचेवर ठेवली तर मधे उजेड दिसला. दोन्ही बोल्ट जास्त आवळल्याने त्यांच्या भोकांभोवतीचे बैठकीचे कान वाकले होते, आणि पॅकिंग हाताने कापलेलं, एका कडेला अरुंद. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून बैठक आठच्या आकड्यात घासली, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. योग्य जाडीचं पॅकिंग घातलं, बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळले.

शेवटचं काम थ्रॉटलच्या कडीचं. या इंजिनात थ्रॉटल आणि ठिणगीची वेळ बदलणारी प्लेट एकाच कडीने जोडलेली असते. रेसचा स्क्रू चढवल्यावर ते नातं बिघडलेलं होतं. मूठ पूर्ण सोडल्यावर ठिणगी जितकी मागे यायला हवी तितकी येत नव्हती. कडी मूळ खुणेवर आणली.

परिणाम

प्लगच्या वायरीला गुंडाळायच्या साध्या टॅकोमीटरवर न्यूट्रलमध्ये साडेनऊशे ते हजार, पुढच्या गिअरमध्ये साडेआठशेच्या आसपास. इंजिन पूर्ण तापल्यावरही टिकलं. गिअर टाकताना होणारा खाड्कन आवाज गेला. कुत्र्याचे दाते मात्र तोवर किती झिजले होते ते खालची पेटी न उघडता सांगता येत नाही. पेटी उघडायला तात्यांनी नकार दिला आणि जोवर गिअर निसटत नाही तोवर ते चूकही नाही.

ऑइलचं प्रमाण मात्र बदललं. तात्या अंदाजाने ओतायचे, आणि ‘जास्त ऑइल म्हणजे इंजिनाला सुख’ हा सार्वत्रिक समज. जास्त ऑइल पेट्रोलची जागा घेतं, मिश्रण पातळ करतं आणि स्लोला प्लग काळे करतं. आता इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणे लिटरला २० मिलिलिटर, मापाने.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या मिस्त्रींना दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्या हाताखालून रोज मोटारसायकलचे कार्बोरेटर जातात आणि त्यांनी गळती खरोखर थांबवली होती. त्यांचं राहिलं ते एवढंच की बॉडी बांधण्यापूर्वी प्रत्येक छिद्रातून धार येते का हे पाहिलं नाही. दोन मिनिटांचं काम.

तात्यांनी काम झाल्यावर जुने सुटे भाग मागून घेतले होते, हे चांगलं केलं. ते बोटीतल्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत पडून होते. त्यात जुना मिश्रणाचा स्क्रू होता, टोक नसलेला. ही पिशवी पहिल्याच दिवशी कार्बोरेटरबरोबर सोलापूरला आली असती तर उस्तादांनी तो स्क्रू बघूनच निदान केलं असतं, आणि पिकअप फक्त बैठकीच्या फटीसाठी लागली असती. आता उस्ताद गाळ्यावर आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतात: जुना माल कुठाय?

तपासण्यांच्या क्रमाबद्दल माझा आणि उस्तादांचा अजून वाद आहे. माझं म्हणणं, आधी रेसचा स्क्रू खाली आणायचा, चोक किंचित धरून इंजिन जिवंत ठेवायचं आणि त्या अवस्थेत फवारा मारायचा. फट पहिल्याच दिवशी दिसली असती. त्यांचं म्हणणं, चोक धरून मिश्रण आधीच गढूळ केल्यावर फवाऱ्याने बदललेला आवाज कशाचा ते ठरवता येत नाही, आणि एका वेळी एकच दोष काढावा. पुढचं असं इंजिन आलं की दोन्ही पद्धतींनी करून बघायचं ठरलं आहे.